गुनवोरच्या हाकेला ओ

बेनिमोरातल्या घरासाठी ती बोलकी पेटी घ्यायचं ठरलं ते नॉर्वेजियन मंडळाच्या शनिवारच्या वाफल-पार्टीत. स्पेनच्या उन्हात हिवाळा काढायला आलेली ही सगळी म्हातारी मंडळी. वाफल आणि जॅम समोर आलं की त्यांना दुसरा विषयच सुचत नसे. कुणाच्या घरात घुसखोर शिरले, कुणाचं कुलूप रातोरात बदललं, कुणाच्या दाराच्या फटीत प्लॅस्टिकची बारीक पट्टी खोचलेली सापडली. ही पट्टी म्हणजे घराची परीक्षा. ती बरेच दिवस हलली नाही की घरात कुणी येत-जात नाही हे त्या लोकांना कळतं, आणि मग एखाद्या भरदुपारी घर हातचं जातं. पहिल्या दोन दिवसांत बोंब मारली तर पोलीस येऊन त्यांना बाहेर काढतात. एकदा का ते तिथेच राहतात असं ठरलं, की मालकाने कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या, त्याही परक्या भाषेत. ते दोन दिवस मंडळातल्या प्रत्येकाला तोंडपाठ होते.

ओड्वारचा आधी भोंग्यावर विश्वास होता. जन्मभर फेरीबोटीच्या इंजिनखोलीत काढलेला माणूस, त्याला यंत्रं आवडायची आणि यंत्रांनाही बहुधा तो आवडत असावा. पण घराला बसवलेल्या भोंग्याचं आणि त्याचं काही जमलं नाही. बैठकीतल्या कॅमेऱ्याच्या डोळ्यासमोरून पाल गेली की भोंगा बोंबलायचा, आणि बेनिमोरात पाली काही कमी नाहीत. ओड्वार आणि त्याची बायको गुनवोर उन्हाळ्यात घरी, नॉर्वेतल्या क्रिस्टियानसुंदला परतले की शेजारीण विसेन्ताचा फोन यायचा.

"अहो शेजारी, तुमची पाल पुन्हा पकडली गेली बरं का! सगळी गल्ली उठून बसलीय. आता तिला तुरुंगात घालू की सोडून देऊ?"

शेवटी ओड्वारने भोंगाही काढला आणि कॅमेराही, आणि ही पेटी आणली. पेटी घरात माणूस असल्याचं सोंग करायची. वेळ बदलून बदलून दिवे लावायची, मालवायची, रेडिओ कुजबुजता ठेवायची, ताटल्यांचा आवाज काढायची. तिच्यात आपला आवाजही भरता येई, आणि आपण कुठेही असलो तरी फोनवरून घरातले आवाज ऐकता येत.

"मी काय नाटकात काम करू आता?" गुनवोर म्हणाली होती.

"एक वाक्य बोल फक्त. रोजचं."

तिने दोनदा बोलून पाहिलं आणि दोन्ही वेळा तिला मधेच हसू फुटलं. मग कॉफी टाकायला ती आत गेली, आणि ओड्वार बदामाच्या झाडाची वाळकी फांदी बघायला बाहेर. फांदी बघता बघता त्याने करवत आणली, करवतीला धार लावायला घेतली, आणि कॉफीचं विसरला. आतून गुनवोरची हाक आली, आणि ती मात्र अगदी मनापासून वैतागलेली. "ओड्वार! येतोस ना? कॉफी गार होतेय!" पेटी चालूच राहिली होती. ऐकून बघितल्यावर दोघं पोट धरून हसले आणि तीच हाक ठेवायची ठरली. बायको चिडलेली असली की घरात माणसं राहतात याची खात्रीच पटते, असं ओड्वारने मंडळात सगळ्यांना सांगितलं.

गुनवोर ऑक्टोबरमध्ये गेली. क्रिस्टियानसुंदच्या घरात बॅगा भरून दाराशी ठेवल्या होत्या, विमानाला अवकाश होता, आणि ती ओड्वारच्या पुढे जिना उतरताना कठडा धरून खाली बसली ती उठलीच नाही. बॅगा तशाच राहिल्या. ओड्वार त्या हिवाळ्यात बेनिमोराला गेला नाही. मुलगा होवार्ड ओस्लोहून येऊन सगळं उरकून गेला, विजेची आणि पाण्याची बिलं त्याने स्वतःच्या खात्याला जोडून घेतली, आणि जाताना म्हणाला, "बाबा, स्पेनचं घर विकून टाकू. तू एकटा तिथे काय करणार?"

"बघू," ओड्वार म्हणाला. मनात नसलं की तो "बघू" म्हणायचा.

नोव्हेंबरमधल्या एका सकाळी, बाहेर अजून काळोख आणि खिडकीवर गारांचा मारा चाललेला असताना, घर ठीक आहे ना हे बघायला म्हणून त्याने फोनवर बेनिमोरा उघडलं. आधी रेडिओची कुजबुज आली. मग ताटल्यांची किणकिण. आणि मग गुनवोर म्हणाली, "ओड्वार! येतोस ना? कॉफी गार होतेय!"

पेटी आपल्या परीने नेमून दिलेलं काम करत होती. तिला कुणी काही कळवलं नव्हतं. ओड्वार स्वयंपाकघरात फोन हातात धरून उभा राहिला आणि लहान पोरासारखा रडला. रडून झाल्यावर त्याने कॉफी केली, फोन टेबलावर समोर उभा करून ठेवला आणि तिच्या पुढच्या हाकेची वाट बघत बसला. ती दिवसातून तीनदा हाक मारायची. त्याचं जेवणखाण हळूहळू त्या हाकांच्या वेळेला आलं. तिची हाक आली की तो खुर्ची ओढून बसायचा. पण तो इकडे बसायचा आणि ती तिकडे बोलवायची. हाकेनंतर त्या रिकाम्या घरात जी शांतता पसरायची ती त्याला सहन होत नसे, म्हणून तो लगेच फोन पालथा घालायचा.

विसेन्ताने मात्र कानाला खडा लावला. दुखवट्याची बातमी कळल्यावर ती घर झाडून हवेशीर करायला किल्ली घेऊन गेली होती. फरशी पुसायला घेतली आणि मागून गुनवोर ओरडली. बादली, फडकं, सगळं तिथेच टाकून विसेन्ता जी बाहेर पडली ती थेट आपल्या ओट्यावर.

"ते बंद करा शेजारी," तिने फोनवर सांगितलं. तिचा आवाज अजून कापत होता. "मेलेल्या माणसाला असं कामाला लावू नये. अख्खी गल्ली तुमच्या दारावरून जाताना छातीवर क्रूस काढतेय."

"बंद केलं तर घुसखोर येतील."

"घुसखोर परवडले! त्यांना निदान झाडूने तरी मारता येतं."

"राहू दे, विसेन्ता. मी सांगतो म्हणून राहू दे."

"राहू दे तर राहू दे. पण मी आत पाऊल टाकणार नाही. झाडांना भिंतीवरून पाणी घालीन, आणि येता-जाता मोठ्याने 'काय शेजारी, बरं आहे ना' असं म्हणत जाईन, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटेल की आहे कुणीतरी. त्यापुढे मला सांगू नका."

असा सगळा बंदोबस्त होता. दिवे लागत होते, ताटल्या वाजत होत्या, विसेन्ता रोज बंद दाराची विचारपूस करत होती, आणि गल्लीतलं कुणी त्या घराकडे मान वर करून बघायला धजत नव्हतं. घुसखोरांपासून घर राखायला याहून जास्त कुणी काय करणार? आणि नेमकं त्यामुळेच, फेब्रुवारीत जेव्हा त्या घरात खरोखरची माणसं शिरली आणि खरोखरच्या ताटल्या वाजू लागल्या, तेव्हा ते कुणालाही कळलं नाही.

कळलं ते फक्त ओड्वारला.

त्या दिवशी दुपारी तो वाळवलेल्या कॉड माशाचा रस्सा गरम करत होता. फोनवर गुनवोरने हाक मारली. त्याने सवयीने फोन पालथा घालायला हात पुढे केला आणि हात तसाच राहिला. तिकडे कुणीतरी खुर्ची सरकवली होती. पेटीत खुर्चीचा आवाज नव्हता, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. मग एक म्हातारा, चिरका, बायकी आवाज आला.

"आले गं, आले! किती घाई तुझी!"

ओड्वारच्या अंगावर सर्रकन काटा आला. इतक्या हिवाळ्यांत भाजीबाजाराची स्पॅनिश त्याच्या कानात बसली होती, त्यामुळे शब्द कळले, पण शब्दांचा अर्थ काय घ्यायचा ते कळेना. घरात कुणी नाही. घरात गुनवोर बोलवते. आणि गुनवोरला कुणीतरी ओ देतंय. क्षणभर, आणि हे त्याने पुढे कधीच कुणाला सांगितलं नाही, त्याला वाटलं की तिला तिथे सोबत मिळाली. मेलेली माणसं एकमेकांकडे जाऊन बसत असतील तर अशीच बसत असतील. रस्सा भांड्याला लागून करपल्याचा वास आला तेव्हा तो भानावर आला.

भानावर आल्यावर मग इंजिनखोलीतलं डोकं चालू लागलं. खुर्ची सरकली म्हणजे माणूस आहे. माणूस आहे म्हणजे घुसखोर आहे. घुसखोर आहे म्हणजे दोन दिवस. त्याने विसेन्ताचा नंबर काढला, बोट त्यावर ठेवलं आणि थांबला.

पोलीस येतील. त्या म्हातारीला बाहेर काढतील. मग संध्याकाळी गुनवोर हाक मारेल, आणि पुन्हा ती शांतता.

उद्या सांगू, असं तो स्वतःशी म्हणाला. एकदा संध्याकाळची हाक ऐकू, मग सांगू. संध्याकाळी म्हातारी म्हणाली, "बसलेच की मी! आज काय केलंयस?" दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "लोले, रात्री पाय फार दुखले गं." लोली कोण ते त्याला कळायचं कारण नव्हतं. बहीण असावी. गुनवोरला तर एकच वाक्य येत होतं, तेही म्हातारीला न कळणाऱ्या भाषेत, पण म्हातारीचं काहीच अडत नव्हतं. ती हाकेला ओ द्यायची, मग बराच वेळ गप्पा मारायची, शेळ्यांबद्दल, कुणा मेल्या नवऱ्याबद्दल, बटाट्यांबद्दल. अधूनमधून दुसरी कुणीतरी बाई आसपास वावरल्याचा आवाज यायचा. चपला, नळ, खोकला. ओड्वार जिवाचा कान करून ऐकायचा. आता हाकेनंतर त्याला फोन पालथा घालावा लागत नव्हता.

दोन दिवस गेले. मग आठवडा गेला. आपण काय करतोय हे त्याला समजत नव्हतं असं नाही. कुणी दुसऱ्याने असं केलं असतं तर वाफल खाता खाता ओड्वारनेच त्याला मूर्खात काढलं असतं.

मग विसेन्ताचा फोन आला.

"शेजारी, तुम्ही न सांगता आलात की काय? झोपायच्या खोलीच्या खिडकीची झडप वर आहे. आणि दोरीवर कपडे वाळतायत, बायकांचे."

इथे घोडं अडलं. खरं बोललं तर सगळं संपणार होतं.

"माझे नातेवाईक आलेत," तो म्हणाला.

"नातेवाईक? अहो, त्या तर आपल्या इकडच्या दिसतात!"

"लांबचे आहेत. होवार्डच्या बायकोकडून. त्यांना मीच राहायला सांगितलंय."

"मग आधी सांगायचं नाही का हो! मी वेड्यासारखी बंद दाराला हाका मारत बसले होते. थांबा, मी त्यांना थोडे पावटे नेऊन देते, ओल्या शेंगा आल्यात चांगल्या. आणि एक विचारू? आता माणसं आहेत तर ते भूत बंद करा की."

"ते असू दे. त्यांना आवडतं."

"तुम्ही लोक सगळेच विचित्र," विसेन्ता म्हणाली, आणि शेंगा घेऊन दाराशी गेली. संध्याकाळपर्यंत गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांना कळलं की वरच्या घरात नॉर्वेवाल्याचे पाहुणे आहेत, आणि ते त्याच्याच सांगण्यावरून राहतायत. आपण आपल्या तोंडाने काय केलं हे ओड्वारला फोन ठेवतानाच उमगलं होतं. पण दुसऱ्या सकाळी म्हातारी शेंगांची तारीफ करत होती, गुनवोर तिला कॉफीला बोलवत होती, आणि ते ऐकताना त्याला कितीतरी दिवसांनी भूक लागली.

मार्च अर्ध्यावर आला आणि विसेन्ताने होवार्डला फोन केला. कारण अगदी साधं होतं. पाहुण्यांनी कचऱ्याची पिशवी गल्लीच्या डब्यात टाकायच्या ऐवजी तिच्या ओट्याशी ठेवली होती, आणि म्हाताऱ्याला त्रास नको म्हणून तिने मुलाला सांगितलं. पाच मिनिटांत होवार्डचा फोन क्रिस्टियानसुंदला.

"बाबा, माझ्या बायकोचे कुठले नातेवाईक बेनिमोरात राहतायत?"

ओड्वारने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाबा, मी काय विचारतोय? तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"आले त्या दिवसापासून."

"आणि तू मूग गिळून बसलास? शेजाऱ्यांना सांगितलंस की मीच ठेवलंय? अरे, कोर्टात तेच वाक्य ते तुझ्या तोंडावर मारतील! कशासाठी केलंस हे?"

ओड्वारने जे होतं ते सांगितलं. "तुझी आई हाक मारते ना, तिला तिथे कुणीतरी ओ देतं."

होवार्डने ती हाक एकदाही ऐकली नव्हती. बापाने दोनदा आग्रह केला होता आणि दोन्ही वेळा तो काहीतरी निमित्त काढून उठला होता.

"मी बघतो काय करायचं ते," तो म्हणाला, आणि फोन ठेवून त्याने बेनिमोरातल्या घराची वीज बंद केली. बिल त्याच्याच खात्यावर होतं, त्याला कुणाला विचारायचं नव्हतं. अंधारात आणि थंड पाण्यात किती दिवस राहतील? निघून जातील आपोआप, असा त्याचा हिशेब.

त्या संध्याकाळी ओड्वारने फोन उघडला तर त्यात काहीच नव्हतं. रेडिओ नाही, ताटल्या नाहीत, हाक नाही. घराचं नाव करड्या अक्षरांत आणि त्याखाली, संपर्क नाही. त्याने फोन बंद करून चालू केला. पुन्हा केला. दुसऱ्या दिवशीही तेच. ऑक्टोबरमध्ये जे झालं ते या वेळी डोळ्यांदेखत पुन्हा होत होतं आणि तो पुन्हा जिन्याच्या वरच्याच पायरीवर उभा होता. त्याने दाराशी पडलेल्या बॅगांपैकी आपली तेवढी उचलली आणि विमानतळ गाठला.

बेनिमोरात विसेन्ता ओट्यावर हाताची घडी घालून उभी होती. होवार्डने तिला सगळं सांगितलं होतं.

"या," ती म्हणाली. "माझ्या हातून त्यांना शेंगा खायला घातल्यात तुम्ही. केवढ्या शेंगा! निवडून, धुऊन!"

"चुकलं माझं."

"ते मला कळतंय. पण असं का केलं हे कळत नाही, आणि आता सांगूही नका." तिने त्याची बॅग उचलून आत नेली. माडीवरची खोली तिने त्याच्यासाठी झाडून ठेवली होती.

घराच्या फाटकाला नवं कुलूप होतं. कडी, बिजागऱ्या, सगळं नीट तेल घातलेलं. अंगण झाडलेलं होतं, बदामाखाली वाळकं पानही नव्हतं. ओड्वारने स्वतःच्या फाटकावर पाहुण्यासारखी टकटक केली. बऱ्याच वेळाने स्वयंपाकघराची झडप हातभर वर गेली आणि एका पन्नाशीच्या बाईचा चेहरा दिसला, केस ओढून बांधलेले, डोळ्यांखाली काळं. तिचं नाव नोएलिया. शेंगा देताना विसेन्ताने विचारून घेतलं होतं.

"तुम्ही तोच ना," ती म्हणाली. "भिंतीवर फोटो आहे."

"हो."

"आम्ही काही मोडलेलं नाही. तो फोटोही उतरवला नाही."

"वीज गेलीय म्हणून आलो," ओड्वार म्हणाला. आपण भलतंच बोललो असं त्याला वाटलं, पण तेच खरं होतं.

नोएलिया हसली, आनंदाने नाही. "वीज तुम्हीच तोडली आणि तुम्हीच चौकशीला आलात? फार उपकार झाले. माझी आई आहे आत. फेलिसा. तिला काही कळत नाही, आज काय, काल काय. या घराचं दार उघडलं तेव्हा तुमची बायको अशी ओरडली की मी रस्त्यापर्यंत पळाले. आई नाही पळाली. म्हणाली, लोलीने बोलावलंय, आणि टेबलाशी जाऊन बसली. लोली माझी मावशी, ती जाऊन कितीतरी वर्षं झाली. दुसरं एक घर बघून ठेवलं होतं मी, तिथे न्यायला निघाले तर आई हलेना. म्हणून इथे राहिलो." तिने मागे वळून बघितलं. "हाक बंद झाल्यापासून ती जेवत नाही. लोली रुसली म्हणते."

ओड्वारने फाटकाचे गज धरले. "मला आत येऊ द्या. थोडा वेळ. टेबलाशी बसेन फक्त."

"नाही."

"मी कुणाला काही करणार नाही."

"तसं नाही हो. तुम्ही एकदा आत बसलात की बाहेर निघणार नाही. तुमच्या जागी मी असते तर मीही निघाले नसते." तिने खाली बघितलं. "मला तिला घेऊन जायला जागा नाही."

मग झडप खाली आली.

दुपारी होवार्डचा फोन आला. त्याने वकील गाठला होता. वकिलाच्या मते विजेवाचून ते लोक टिकणार नाहीत, थोडी कळ काढली की घर परत मिळेल. फक्त वीज पुन्हा सुरू करायची नाही. एकदा नातेवाईक म्हणून सांगितलंय, आता त्यांच्यासाठी बिलही भरलं तर मग बोलायलाच नको.

ओड्वार माडीच्या खिडकीतून आपल्या घराकडे बघत होता. त्या घराची प्रत्येक फरशी त्याने गुडघे टेकून बसवली होती आणि गुनवोर मागे उभी राहून, कुठली वाकडी बसलीय ते दाखवत होती. घर हवं असेल तर एका म्हातारीला उपाशी ठेवायचं होतं आणि गुनवोरला गप्प.

"वीज सुरू कर," तो म्हणाला.

"बाबा! मग घर गेलं समज."

"समजलं."

"आईच्या एका वाक्यासाठी?"

"तू ते ऐकलंयस का कधी?"

"नाही ऐकवत मला!" होवार्ड ओरडला. मग त्याचा आवाज एकदम उतरला. "ती मला अशीच हाक मारायची रे. शाळेला उशीर झाला की. मला ते पुन्हा ऐकायचं नाहीय. तुला कसं ऐकवतं?"

"मला ते ऐकल्याशिवाय राहवत नाही," ओड्वार म्हणाला. दोघंही फोनवर तसेच थांबले, एक रडत होता आणि दुसरा ते ऐकत होता. शेवटी होवार्ड म्हणाला, "करतो सुरू," आणि फोन बंद झाला.

विसेन्ताला हे कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. ती इतकी चिडली की तिने त्याला जेवायला दोनदा वाढलं.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं तेव्हा ओड्वार फाटकासमोरच्या बुटक्या भिंतीवर जाऊन बसला. वीज सकाळीच आली होती. फोन त्याने मुद्दाम बरोबर आणला नव्हता. इतक्या जवळ येऊन गुनवोरला फोनवर कशाला ऐकायचं? झडप अर्धी वर होती. आतून रेडिओची कुजबुज येत होती, ताटल्या वाजत होत्या, आणि त्यांतल्या खऱ्या कुठल्या आणि पेटीतल्या कुठल्या हे त्यालाही ओळखता येईना. डोळे मिटले की सगळं जसंच्या तसं होतं. तो बाहेर आहे, ती आत आहे, आणि जेवणाची वेळ झाली आहे.

"ओड्वार! येतोस ना? कॉफी गार होतेय!"

तो उठला. आपण उठतोय हे त्याला कळायच्या आत उठला, रस्ता ओलांडला आणि फाटकावर हात ठेवला. कुलूप हाताला लागलं.

"येतो!" तो म्हणाला. आवाज घशातच राहिला असं वाटून त्याने पुन्हा, जोरात, हाक पोचेल असं म्हटलं, "येतो गं, आलो!"

आतल्या ताटल्या थांबल्या. म्हातारीने द्यायची ओ दिली नाही. रेडिओ तेवढा चालू होता.

"नोएलिया," म्हातारीचा घाबरा आवाज आला. "बाहेर कुणीतरी बोललं गं. पुरुषाचा आवाज होता."

खिडकीत नोएलिया आली. तिने ओड्वारकडे बघितलं. त्याने फाटकावरचा हात काढला नाही. मग त्याच्यावरची नजर न हलवता ती मागे म्हणाली, "कुणी नाही, आई. मशीन आहे ते. घर रिकामं वाटू नये म्हणून बोलतं."

"असं होय," फेलिसा म्हणाली, आणि चमच्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला.